खिंकाळणाऱ्या घोड्याचं पुस्तक

ज्या पुस्तकाला चार्जिंगला लावावं लागतं त्याला मी पुस्तक म्हणत नाही. माझा धाकटा भाऊ म्हणतो. तो पुण्याला अशी पुस्तकं बनवणाऱ्या कंपनीत आहे, आणि त्याच्या तोंडून 'पुस्तक' हा शब्द निघाला की मागोमाग 'अनुभव' येतोच. वाचनाचा अनुभव. समृद्ध अनुभव. अरे बाप्पा, अनुभवच घ्यायचा असेल तर गुडघाभर चिखलात उतरून एक दिवस धानाची रोवणी कर ना! मग मला सांग समृद्ध झालास का ते.

आमचं त्याचं वाजलं ते मायच्या वाचनाच्या पाळीवरून. आमचं गाव भंडाऱ्याहून निघालं की मोहाडीच्या अलीकडे. आमच्या वस्तीत आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, पावसाळाभर, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचतात. घरागणिक पाळी असते. ज्या घराची पाळी, त्या घरचं माणूस उभं राहून वाचतं, बाकीचे खाली सतरंजीवर बसून ऐकतात, आणि शेवटी त्याच घराकडून सगळ्यांना चहा. पाळ्या दरवर्षी गल्लीच्या विहिरीकडच्या टोकापासून ओळीनं लागतात, म्हणून आमच्या घराच्या वाट्याला जवळजवळ दरवर्षी एकच भाग येतो : राजपुत्र घर सोडून जातो, तो. माझे वडील होते तोवर ते वाचत. मग भाऊ वाचायचा. तो पुण्याला गेला तेव्हापासून मी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण आहे, त्यामुळे वस्तीत कोणाला माझ्या वाचनाचं कौतुक नाही. मास्तरीण वाचणार नाही तर काय करणार?

माय कधीच वाचायची नाही. ती चहाच्या भगोन्याजवळ बसायची. तिला अक्षर आलं ते चाळिशी उलटल्यावर, प्रौढांच्या वर्गात. दिवसभर दुसऱ्याच्या धानाच्या बांध्यात वाकून आल्यावर पाटी घेऊन बसायची. दुकानाची पाटी, एसटीची पाटी, लग्नाच्या पत्रिकेवरची नावं, एवढं वाचू लागली. पण चार लोकांपुढे उभं राहून? छे.

मग तिचे डोळे जाऊ लागले. म्हणजे एक गेला होताच, कळलं उशिरा. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की काचबिंदू आहे, गेलेलं परत येत नाही, दुसऱ्या डोळ्यात थेंब टाकत राहा आणि राहील तितके दिवस आपले समजा. परतीच्या बसमधून ती उतरली. घरात आली, पाय धुतले आणि म्हणाली, "यंदा आपली पाळी मी वाचीन."

मी म्हटलं, "माय, तुला ते बारीक अक्षर..."

"पुढच्या वर्षी त मोठं बी दिसनार नाही. यंदाच वाचीन."

एवढंच मागणं. जन्मभरात तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही. लुगडंसुद्धा आणलं तर म्हणायची, काहून आणलं. म्हणून मी ठरवलं की काहीही होवो, माय वाचेल.

ग्रंथाचं अक्षर बारीक. पान नाकाला टेकवून ती एकेक ओळ शोधायची. हे भावाला फोनवर कळलं आणि तो लागलीच दोन दिवसांची सुट्टी टाकून आला. हातात टॅब. त्यांच्याच कंपनीनं त्यात त्याच गोष्टी घातलेल्या, ग्रंथातल्याच, मजकूर जसाच्या तसा. आल्या आल्या खाटेवर बसला, मायला शेजारी बसवलं आणि दुकानदार साडीचा पदर उलगडून दाखवतो तसा सुरू झाला. हे बघ माय, शब्दावर बोट ठेव, तो स्वतःच बोलतो. हे बघ, पान उलटलं की फर्र आवाज येतो, खऱ्या पुस्तकासारखा. (खरं पुस्तक शेजारी कोनाड्यात होतं. त्याचं पान उलटलं की खरोखरच आवाज येतो, फुकट.) झाडावर बोट ठेवलं की पानं गळतात. मागून बासरी वाजते. पान संपलं की प्रश्न विचारतो, उत्तर बरोबर आलं की 'शाब्बास' म्हणतो आणि तारे देतो. आणि राजपुत्राच्या घोड्यावर बोट ठेवलं की घोडा मान झटकून खिंकाळतो.

मायनं बोट ठेवलं. घोडा खिंकाळला. माय हसली. तिला हसताना पाहून भाऊ माझ्याकडे असा बघायला लागला की जणू त्यानं बाजी मारली.

हे सोंग मी शाळेत पाहून बसले होते. आमच्या शाळेलाही कोणा दानशूर माणसानं मोठा पडदा दिला होता, पडद्यावर गोष्टीची पुस्तकं. हत्तीवर बोट ठेवलं की हत्ती ओरडतो. झालं! पोरं दिवसभर हत्तीला ओरडवत बसायची. हत्तीखाली दोन ओळी होत्या, त्या कोणाच्या बापानं वाचल्या नाहीत. पाहणीला साहेब आले, पोरं खिदळताना बघून खुश झाले, म्हणाले, बघा मॅडम, किती रमलीत! रमतीलच ना. जत्रेतही रमतात. जत्रेतून कोणी वाचायला शिकून आलेलं मी अजून पाहिलं नाही.

भाऊ परत गेला. टॅब राहिला. मग आमच्या ओसरीवर वस्ती जमायला लागली. शेजारची काकू यायची, तिची सून यायची, पोरं तर यायचीच, आणि घोड्याला काही उसंत नाही. राजपुत्र बिचारा राज्य सोडून चाललाय, मागे म्हातारा बाप, बायको, पाळण्यातलं लेकरू, काळीज फाटेल असा प्रसंग, आणि इकडे हीं हीं हीं! पोरं पोटं धरून हसताहेत. ज्या कोणाच्या सुपीक डोक्यातून तो घोडा निघाला त्याला एकदा त्या घोड्यामागे उभं करायला पाहिजे होतं.

मायची प्रगती मात्र जोरात. रोज संध्याकाळी टॅब घेऊन बसायची, बोट शब्दाशब्दावरून सरकायचं, टॅब बोलायचा, ती मागून म्हणायची. तारेच तारे. भाऊ पुण्याहून बघायचा, त्याच्याकडे म्हणे सगळं दिसायचं. मला मेसेज पाठवायचा, 'ताई, पाहिलं का? मायचे तारे!' त्याच्या साहेबानं म्हणे मीटिंगमध्ये आमच्या मायचं उदाहरण दिलं. मला शंका येत होती. पण मायचं तोंड इतकं उजळलेलं असायचं की मी जीभ आवरायची.

एका रविवारी नाही राहवलं. मी तोच भाग कागदावर मोठ्या अक्षरात लिहिला आणि तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, "माय, हे वाच पाहू."

पहिले दोन-चार शब्द तिनं वाचले. मग एक अवघड शब्द आला. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं आणि थांबली. मी वाट पाहिली. ती पण वाट पाहत होती. कागद बोलेल म्हणून! बोट उचललं, परत ठेवलं, जरा जोरानं दाबलं. मग तिला कळलं की ती काय करतेय. बोट तसंच कागदावर, आणि चेहरा असा उतरला की माझ्यानं बघवेना.

"मले येत नाही," ती म्हणाली. "मले वाटलं येते. ते बोलते, मी त नुसती त्याच्या मागं बोलून राहिली."

माझं डोकं फिरलं. भावाला फोन लावला.

"तुझा टॅब काय शिकवतो माहीत आहे का? बोट ठेवायला. माय होतं नव्हतं तेवढं वाचन विसरली."

"ताई, तुले नवं काही पटतच नाही," तो म्हणाला. "सुरुवातीले आधार पाहिजेच असते. हळूहळू..."

"हळूहळू तिचा डोळा चाललाय! तिच्याकडे हळूहळू नाही. तू पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस. मला एवढं सांग, हे बोलणं, ही बासरी, हे तारे बंद कसे करायचे?"

"मंग त्यात राहते काय? नुसता मजकूर राहीन."

"हो रे माझ्या राजा," मी म्हटलं. "नुसता मजकूर राहीन. त्यालाच पुस्तक म्हणतात."

नाराजीनं का होईना, त्यानं सांगितलं. मी एकेक बटण शोधून सारं बंद केलं. घोडा मुका झाला, नुसतं चित्र उरलं. तारे गेले. आता त्या टॅबची एक गोष्ट कबूल करते, कारण खोटं बोलायची मला सवय नाही : त्यात अक्षर मोठं होतं. वाटेल तितकं मोठं. मायला बोराएवढं अक्षर पाहिजे तर बोराएवढं, पाटीएवढं पाहिजे तर पाटीएवढं, आणि मागून उजेड. एवढंच एक त्यात माणसाच्या कामाचं होतं, आणि एवढ्याचंच माझ्या भावानं खाटेवर बसून एका शब्दानं कौतुक केलं नव्हतं.

मग आम्ही दोघी बसलो. ती अडली की मी सांगायची नाही, असा तिचाच हुकूम. "तू नको बोलू. तूबी टॅबच होऊन राहिली," असं एकदा मलाच झापलं. शब्द फोडायचा, तुकडे पाडायचे, परत जोडायचे. कधी एका ओळीत चहा निवायचा. रडली नाही, पण एकदा टॅब खाटेवर आपटला आणि म्हणाली, "माहं मेलं डोकंच मडकं हाय." दुसऱ्या दिवशी परत घेऊन बसली.

इकडे विहारात वेगळंच. आमच्या समितीचे अध्यक्ष सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, त्यांना प्रत्येक गोष्टीत सुधारणा करायची हौस. आमच्या ओसरीवर त्यांनी टॅब पाहिला होता. त्यांनी परस्पर भावाला फोन करून विहारासाठी एक मागवला, त्याला मोठा स्पीकर जोडला आणि आषाढी पौर्णिमेला जाहीर केलं की यंदापासून मशीन वाचेल. शुद्ध उच्चार, कोणाला त्रास नाही, पाळी फक्त चहाची.

मी उभी राहून म्हटलं, "काका, वाचणाऱ्याला त्रास होतो असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मॅडम, जमाना कुठं चालला अन् तुम्ही कुठं," ते म्हणाले.

जमाना कुठं चालला ते लवकरच दिसलं. पहिल्या दिवशी सगळे मान वर करून ऐकत होते. चार-पाच दिवसांत बायका हलक्या आवाजात धानाच्या गोष्टी करू लागल्या, बाप्ये पायरीवर तंबाखू मळायला बसले आणि मशीन आपलं एकटंच शुद्ध उच्चारात बोलत राहिलं. का नाही होणार? समोर उभा राहून वाचणारा माणूस आपल्या घरचा असतो, तो अडेल की काय म्हणून जीव टांगणीला असतो, म्हणून ऐकणारा ऐकतो. मशीन अडत नाही. त्याची कोणाला काळजी?

आमची पाळी आली त्या सकाळी माय स्वतः अध्यक्षांच्या घरी गेली. मीही गेले, पण तिनं मला बाहेर उभं केलं.

"भाऊजी, आज चहा आमच्याकडून हाय. अन् वाचनार बी मीच."

"वहिनी, मशीन हाय न. कायले तरास घेता? डोळ्याचं दुखनं तुमचं."

"डोळा हाय तोवर वाचून घेतो म्हंतो मी. मशीन काय, उद्या बी हाय."

अध्यक्षांच्या बायकोनं आतून काहीतरी म्हटलं, आणि ते "बरं, बरं" म्हणाले.

संध्याकाळी विहार भरलं होतं. बातमी वस्तीभर झाली होती. मायनं पांढरं लुगडं नेसलेलं. वंदना झाली. ती आमचा टॅब घेऊन उभी राहिली, नाकाजवळ धरून. पुढे बसलेली पोरं ओरडली, "आजी, घोडा! घोडा लावा न!"

"घोडा पानी प्याले गेला," ती म्हणाली आणि सुरू केलं.

हळू वाचत होती. किती हळू ते सांगत नाही. एकेक शब्द जमिनीतून उपटून काढावा तसा. अडली की सगळे माना पुढे काढायचे. माझ्या ओठांवर शब्द यायचा, मी तो गिळायची. शेजारच्या काकूनं माझा हात घट्ट धरून ठेवला होता. तंबाखूवाले बाप्ये केव्हा आत येऊन बसले, मला कळलंच नाही.

राजपुत्र बापाशी बोलला. आईशी बोलला. मग बायकोच्या महालात गेला, तिला सगळं सांगितलं, तिचं मन विचारलं. ती बोलली. काय बोलली ते मायनं वाचलं, आणि थांबली. मला वाटलं अडली. पण ती ओळीकडे बघत नव्हती, वरच्या चित्राकडे बघत होती. टॅब आणखी जवळ घेतला.

"हे चित्र कोणाचं हाय?" तिनं भर विहारात विचारलं.

पुढची पोरं वाकून चित्र बघू लागली.

"इथं लिवलं का तो तिच्याशी बोलला. ती जागी हाय, उत्तर देऊन राहिली. अन् चित्रात काहून झोपली ते? चांदनं काहून हाय? हा चोरावानी काहून निघून राहिला?"

मग सगळ्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. बाप रे! आमच्या वस्तीतल्या लहान पोराला विचारा, आमच्या ग्रंथातला राजपुत्र रात्री चोरपावलांनी पळत नाही. तो दिवसाउजेडी, सगळ्यांना सांगून, सगळ्यांच्या देखत जातो. आमचा ग्रंथ मुद्दाम तसं सांगतो. झोपलेली बायको आणि चांदणी रात्र ही दुसरीकडची, जुनी गोष्ट. तीच या शहाण्यांनी आमच्या मजकुरावर आणून चिकटवली होती. आणि आम्ही इतके दिवस त्याच चित्रातला घोडा खिंकाळवत होतो! मी, दरवर्षी तोच भाग वाचणारी मास्तरीण, मलाही दिसलं नव्हतं. घोड्याचा राग करण्यात मी चित्राकडे बघितलंच नव्हतं. वाचलं ते मायनं, म्हणून दिसलं तेही मायला.

मागून एक म्हातारी म्हणाली, "खरंच की वं बाई! इतके दिस पाहून राहिलो आमी."

अध्यक्ष उठले, बसले, परत उठले. माय त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "ते झोपली नव्हती. लिवलं हाय इथं." आणि पुढे वाचू लागली. भाग त्या संध्याकाळी पुरा झाला नाही. तिनं उरलेला दुसऱ्या दिवशी वाचला. विहारातलं मशीन अध्यक्षांनी स्वतः कपाटात ठेवलं. पाळ्या परत सुरू झाल्या.

भावाला मी विचारलं, हे चित्र कसं काय आलं? तो म्हणाला, "तयार चित्रं मिळतात ताई, त्यातलंच लावलं असन डिझाइनवाल्यानं."

"आणि तुम्ही कोणी वाचलं नाही?"

"वरवर पाहिलं होतं."

वरवर! घोड्याची मान कशी झटकायची याच्यावर यांनी महिनाभर काथ्याकूट केला असेल, आणि खालचा मजकूर वरवर. पुस्तक बनवणाऱ्यांनी पुस्तक न वाचता बनवावं, आणि वर वाचणाऱ्याला तारे वाटावेत! मी फोन ठेवला. जास्त बोलले असते तर सख्खा भाऊ गमावला असता.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत मायचा दुसरा डोळाही गेला. भावाचा मेसेज आला की आता तरी त्यातला आवाज सुरू कर, आता मायला त्याचा खरा उपयोग. मनातल्या मनात म्हटलं, यावेळी पठ्ठ्या बरोबर बोलतोय. सुरू करून तिच्या उशाशी ठेवला. दोन-तीन दिवस तिनं ऐकलं. मग म्हणाली, "बंद कर हे. तू वाच."

"काहून? आवाज तर चांगला आहे."

"तू वाच म्हनून राहिली न मी."

तेव्हापासून शाळेतून आले की चहा घेऊन तिच्या खाटेजवळ बसते आणि जुन्या ग्रंथातून वाचते. एक दिवस तोच भाग आला. बापाशी बोलला, आईशी बोलला, बायकोच्या महालात गेला.

"थांब," माय म्हणाली.

मी थांबले. "काय झालं?"

तिनं चाचपत चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "तिले इचारून गेला तो."

"हो."

"तुहा बाप माह्या बाजूले झोपला होता. पहाटे मी उठली, चूल पेटवली, चहा मांडला, त्याले हाक देली. उठेच ना. चहा थंडा झाला. दोनदा रागावली मी त्याले, बाई. उठत काहून नाही म्हनून रागावली."

इतकी वर्षं झाली वडिलांना जाऊन. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मी ग्रंथ मांडीवर तसाच उघडा धरून बसले.

"वाच आता," ती म्हणाली.